दुसरे आसन

भुसार मालाच्या एका जुन्या पेढीमागील गोदामात येझदी मोटारसायकल कित्येक वर्षे पोत्यांच्या आडोशाला उभी होती. टाकीवर धुळीचे पूट चढलेले, टायर बसलेले, आरशाची काच तडकलेली. घरातील सारे ज्यांना अण्णा म्हणत, त्यांनी ती उमेदीच्या काळात घेतली होती. आठवड्यात सहा दिवस त्या गाडीवर धान्याच्या नमुन्यांच्या पिशव्या आणि वसुलीची वही असे. रविवारी त्याच जागी आजी बसत. अण्णा निवर्तल्यानंतर ती गाडी कोणी विकली नाही आणि कोणी चालवलीही नाही. आदरापोटी तिला हात लावला गेला नाही, आणि त्या आदरातच ती गंजत राहिली.

महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने एके दिवशी जेवताना विषय काढला. अण्णांच्या येझदीची त्याला ‘कॅफे रेसर’ करायची होती. त्याने दाखवलेल्या चित्रातील गाडीला बुटके हँडल होते, लांब टाकी होती, मागे उंचवटा असलेले एकट्याचे आसन होते; मडगार्ड जवळजवळ नव्हतेच. वडिलांच्या कपाळाला आठी पडली. “अण्णांची गाडी कापायची?” एवढेच ते म्हणाले आणि पानावरून उठले. आजी काही बोलल्या नाहीत.

वडील आणि मुलगा यांच्यातील हा पेच अनेक घरांत निराळ्या रूपाने उभा राहतो. तो समजून घेण्यासाठी कॅफे रेसर ही कल्पना कोठून आली, हे आधी पाहणे उचित ठरेल.

लंडनच्या वायव्य भागात नॉर्थ सर्क्युलर रस्त्यालगत १९३८ मध्ये ‘एस कॅफे’ हे उपाहारगृह सुरू झाले. मालमोटारींच्या चालकांना रात्री-अपरात्री गरम चहा मिळावा, हा त्याचा मूळ उपयोग. महायुद्धात बॉम्बहल्ल्यात इमारत पडली आणि १९४९ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये कामगार वर्गातील तरुणांच्या हाती थोडा पैसा आला, हप्त्याने वस्तू घेण्याची सोय वाढली आणि ही मुले मोटारसायकलींवरून तेथे जमू लागली. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेग गाठणे ही त्यांची प्रतिष्ठा होती. कारखान्यातून येणारी साधी गाडी तेवढे धावत नसे. म्हणून शर्यतीच्या गाड्या पाहून त्यांनी आपल्या गाड्यांवरून जे जे वेगाच्या आड येते ते ते उतरवले. हँडल खाली नेले, पायटे मागे सरकवले, आसन एकट्यापुरते केले. नॉर्टनच्या चेसिसमध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवून तयार केलेली ‘ट्रायटन’ ही त्या काळची सर्वांत नावाजलेली जोडगाडी.

‘कॅफे रेसर’ हे नाव मुळात हेटाळणीचे होते. खऱ्या शर्यतीत न उतरता एका उपाहारगृहापासून दुसऱ्यापर्यंत धावणारा तो कॅफे रेसर. त्या धावण्यात अनेक तरुणांनी प्राण गमावले, हेही विसरता कामा नये. १९६९ मध्ये एस कॅफे बंद झाले आणि २००१ मध्ये त्याच जागी पुन्हा सुरू झाले. या तरुणांची आवड ओळखून रॉयल एन्फील्डने १९६० च्या दशकात २५० सीसीची ‘काँटिनेंटल जीटी’ थेट कारखान्यातूनच त्या घाटाची काढली होती. पुढे इंग्लंडमधील तो व्यवसाय मावळला. पण १९५५ पासून मद्रासमध्ये रुजलेली त्याची शाखा टिकली आणि तेच नाव घेऊन २०१३ मध्ये नवी गाडी भारतात तयार झाली.

सारांश असा की, कॅफे रेसर ही वजाबाकीची कला आहे. गाडीला काय जोडले यापेक्षा तिच्यावरून काय उतरवले, यावर तिचे रूप ठरते. आणि नेमकी हीच गोष्ट घरच्या जुन्या गाडीबाबत अवघड असते. उतरवण्याजोगे काय आणि न उतरवण्याजोगे काय, याचा निर्णय चित्र पाहून होत नाही.

नातवाने गाडी गावातील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे नेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी येझदी जाणणारे हात अजून गावोगावी आहेत. मिस्त्रींनी चित्र पाहिले, बाजूला ठेवले आणि पहिला नियम सांगितला : गाडी आधी चालू होऊ दे, मग तिला सजव. बंद गाडीचे रूप बदलायला घेतले की रंगापर्यंत पैसा संपतो आणि इंजिन तसेच राहते. अशा अर्धवट उघडलेल्या गाड्या त्यांच्या शेडमध्ये तीन होत्या.

मग खोलण्याचे काम सुरू झाले. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, प्रत्येक जागचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी. पेढीवर वाढलेल्या मुलाला ही शिस्त परकी वाटली नाही. येझदीचे इंजिन दोन फेऱ्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यात क्रँकची सीले कडक झाली की नको तेथून हवा आत शिरते आणि गाडी सुरळीत चालत नाही. ती सीले बदलली, कार्ब्युरेटर धुतला, पॉइंट घासून अंतर लावले. टाकीत आतून गंज होता. टाकीला डाग द्यायचा झाल्यास रिकामी दिसणारी टाकीही पेट्रोलच्या वाफेने पेट घेऊ शकते, म्हणून मिस्त्रींनी ती आधी पूर्ण धुऊन पाण्याने भरली आणि मगच हात लावला. जुन्या गाडीवर हौसेने काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

चित्रातील गाडी आणि समोरची गाडी यांतील अंतर येथून दिसू लागले. नातवाला सायलेन्सर कापून आखूड हवे होते. टू-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर नेण्याइतकेच सायलेन्सरचे काम नसते. त्याच्या लांबी-घाटामुळे उलट फिरणारा दाब बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये राखतो. तो कापला तर आवाज वाढतो आणि ताकद घटते. दुसरी अडचण पायट्यांची. येझदीत गिअरचा दांडा आणि किक एकच. तोच आत दाबून वर फिरवला की किक होते. पायटे मागे नेले तर ही सारी रचना दांड्या-सांध्यांनी पुन्हा जुळवावी लागते आणि त्यात थोडी ढिलाई राहिली तरी गिअर दगा देतो. तिसरी गोष्ट हँडलची. बुटके हँडल शॉकअपच्या नळ्यांना आवळले, तर पूर्ण वळवताना बोटे टाकीवर चेमटतात का, हे पाहावे लागते. शिवाय शरीराचा भार मनगटांवर येतो. इंग्लंडमधील त्या मुलांना मोकळ्या रस्त्यावर जे आसन सोयीचे होते, ते गतिरोधकांच्या रस्त्यावर कितपत सोसेल, हा प्रश्न वयाचा नसून पाठीचा आहे.

ब्रेकच्या बाबतीत मिस्त्रींनी एक शब्द ऐकून घेतला नाही. जुने ड्रम ब्रेक, नवे लायनर, नव्या केबली, नवे टायर, ताणून सरळ केलेल्या तारा. हे खर्चाचे पहिले कलम. रंग शेवटचे. दिसणाऱ्या वस्तूंवर आधी आणि न दिसणाऱ्यांवर उरल्यास, असा हिशेब पेढीत कोणी चालवीत नाही. गाडीत का चालवावा?

उरला प्रश्न आसनाचा. एकट्याचे आसन बसवायचे तर चेसिसचा मागचा भाग कापून नवा गोल डाग द्यावा लागणार होता. मागचे पायटे, पकडायची कडी आणि साडीगार्ड यांना जागाच उरत नव्हती. नातू आजींना विचारायला गेला. त्याला वाटले होते, त्या रडतील किंवा रागावतील. आजी म्हणाल्या, “गाडी चालू कर. ती तिथे गंजलेली मला बघवत नाही. रंग कर, हँडल बदल. पण माझी जागा कापू नकोस. तुझे लग्न झाल्यावर तुझी बायको काय धावत येणार का मागून?” मग त्यांनी हसत हसत सांगितले की, लग्नानंतर पहिल्यांदा त्या माहेरी गेल्या, त्या याच गाडीवर, आणि वाटेत अण्णांनी दोनदा थांबून पदर चाकाजवळ आला नाही ना, हे पाहिले होते. वडील दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना हे ठाऊक नव्हते.

आजींचे म्हणणे कायद्याच्याही बाजूचे होते. मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या दुचाकीला पकडण्याची कडी, पायटे आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक किमान अर्धे झाकणारे संरक्षण असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. चेसिस कापणे, दुसरे इंजिन बसवणे किंवा दोन माणसांची गाडी एकाची करणे, हे हौस म्हणून सोडून देण्याजोगे नाही. अपघातानंतर विम्याचा दावा मांडताना हाच बदल आड येऊ शकतो.

नोंदणीपत्र काढले तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. गाडी अजून अण्णांच्याच नावावर होती. पेढीची, घराची, जमिनीची नोंद वेळेवर फिरली. दुचाकीची कोणाला आठवण झाली नाही. खासगी दुचाकीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. तेही राहिले होते. वडिलांनी स्वतः परिवहन कार्यालयाचे हेलपाटे घातले. वारसाची नोंद, तपासणी, विमा, बदललेल्या रंगाची नोंद, सारे कागद त्यांनी एका पाकिटात घातले आणि त्यावर अण्णांच्या वळणाच्या अक्षरात गाडीचा क्रमांक लिहिला.

तयार झालेली गाडी चित्रासारखी नव्हती. चेसिसवर करवत चालली नाही. हँडल बसके, पण मूळ जागीच आवळलेले. आसन सपाट आणि दोघांचे. त्याच्या मागच्या अर्ध्यावर एक उंचवट्याचे आवरण, चार बोल्ट काढले की निघणारे. ते बसवले की गाडी कॅफे रेसर दिसते, काढले की आजींची जागा मोकळी होते. आसनाला चामडे न लावता रेक्झिन लावले. त्याविषयी घरात चर्चाही झाली नाही. दोन्ही सायलेन्सर, साडीगार्ड आणि मडगार्ड कायम राहिले. जे भाग उतरले, ते यादीसह एका लाकडी खोक्यात ठेवले. पुढच्या पिढीला ही गाडी अण्णांच्या वेळी होती तशी करावीशी वाटली, तर एका दिवसात ती तशी होईल.

जुनी वस्तू बदलण्यास घेणाऱ्यांनी इतके पाहावे. कागद आधी नावावर करावेत. फिरून जोडता येईल असेच काही उतरवावे; कापण्यापूर्वी घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीस एकदा विचारावे. ती व्यक्ती नेहमी नाहीच म्हणते असे नाही. पुष्कळदा ती कोणत्या एका गोष्टीला हात लावू नये एवढेच सांगते, आणि ती गोष्ट सहसा खरोखरीच मोलाची असते.

पहिल्या रविवारी आवरण काढून ठेवलेले होते. गाडी वडिलांनी चालवली. आजी मागे बसल्या, आणि गल्लीच्या वळणावर वडिलांनी गाडी थांबवून मागे वळून पदर पाहिला.