महसूल कोणाचा, मोल कोणाचे?

तिजोरीत पडलेला प्रत्येक पैसा म्हणजे महसूल नव्हे. शासनाच्या हिशेबात कर व शुल्क ही महसुली जमा. मालमत्ता विकून आलेला पैसा ही भांडवली जमा. धंद्यात मात्र मालाची विक्री हाच महसूल. खर्च वजा जाता उरतो तो नफा.

रोडपालीत हा भेद प्रत्यक्ष जमिनीवर उतरला. १९७० साली स्थापन झालेली सिडको शासनाची, परंतु कंपनी. शेतकऱ्याच्या उपजीविकेचे भांडवल असलेली जमीन तिच्या वहीत विक्रीचा माल ठरली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला.

२०१६ साली पनवेल महानगरपालिका आली. तिने स्थापनेपासूनचा मालमत्ता कर मागितला. सिडकोला सेवाशुल्क भरलेले रहिवासी ‘दुहेरी कर’ म्हणून विरोधात उभे राहिले. शहर चालवायला कर हवाच. पण भूखंड एकदाच विकला जातो, गटारे आणि रस्ते मात्र कायमचे सांभाळावे लागतात. विक्रीचे मोल कंपनीने घ्यावे व भार करदात्याने वाहावा, हा न्याय नव्हे. भूखंडविक्रीचा ठरावीक वाटा कायद्याने महापालिकेला मिळालाच पाहिजे!