टॉम रॉबिन्सनची मुले कुठे गेली?

अमेरिकेतल्या शाळांत एका कादंबरीवरून वर्षानुवर्षे वाद चालू आहे. हार्पर ली या गोऱ्या लेखिकेची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही ती कादंबरी. १९६० साली ती प्रसिद्ध झाली, १९६१ साली तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि १९६२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. तेव्हापासून अमेरिकेतली मुले वंशद्वेष म्हणजे काय हे बहुधा याच पुस्तकातून शिकत आली आहेत. २०१७ साली मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी येथे आठवीच्या वर्गातून ती काढली गेली. तिच्यातल्या भाषेमुळे लोक अस्वस्थ होतात, हे कारण सांगण्यात आले. २०२२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या मुकिल्टिओ येथे नववीच्या सक्तीच्या वाचनातून ती वगळली गेली. तिथे मागणी शिक्षकांचीच होती आणि कारण अगदी उलटे होते. ही कादंबरी गोऱ्या माणसाला तारणहार करते आणि वर्गातल्या काळ्या मुलांना मान खाली घालायला लावते, असे त्यांचे म्हणणे होते.

पुस्तक एकच, पण दोन टोकांच्या तक्रारी. या वादाकडे आपण लांबचा तमाशा म्हणून पाहू नये. अन्यायाची गोष्ट कोणी सांगायची आणि ती कोणाच्या मुलांसाठी सांगायची, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीचाही आहे.

आधी कथा थोडक्यात पाहू. अलाबामा राज्यातले मेकम्ब हे काल्पनिक गाव. काळ १९३० च्या दशकातल्या मंदीचा. स्काउट ही लहान मुलगी आणि तिचा चार वर्षांनी मोठा भाऊ जेम. त्यांचा बाप अ‍ॅटिकस फिंच हा वकील. टॉम रॉबिन्सन या पंचवीस वर्षांच्या काळ्या शेतमजुरावर मेयेला युएल या गरीब गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो आणि न्यायालय त्याचे वकीलपत्र अ‍ॅटिकसकडे सोपवते. अ‍ॅटिकस पुराव्यानिशी दाखवून देतो की मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजली आहे, म्हणजे मारणारा डावखुरा असला पाहिजे. टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून कायमचा लुळा पडलेला आहे. मुलीचा बाप बॉब युएल मात्र डावखुरा आहे. तरीही बारा गोरे पुरुष टॉमला दोषी ठरवतात. पुढे तुरुंगातून पळण्याचा प्रयत्न करताना पहारेकरी त्याला गोळ्या घालतात. त्याच्या देहात सतरा गोळ्या सापडतात.

या कादंबरीचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. खटल्यातला एक क्षण तर प्रत्येक आंबेडकरी वाचकाने नीट समजून घ्यावा असा आहे. मेयेलाची कामे तू फुकट का करत होतास, असे सरकारी वकील टॉमला विचारतो. टॉम साधेपणाने सांगतो की मला तिची कीव येत होती. तिथेच खटला हरला जातो. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करावी, हे त्या सभागृहाला बलात्काराच्या आरोपाइतकेच असह्य होते. कारण दया ही वरून खाली वाहायची वस्तू आहे! खालच्याने वरच्यावर दया केली की उतरंडच उलटी होते. वर्णव्यवस्थेचे मर्म लेखिकेने या एका उत्तरात पकडले आहे.

दुसरा प्रसंग खटल्याच्या आदल्या रात्रीचा. टॉमला मारण्यासाठी गोऱ्यांची झुंड तुरुंगाच्या दारात येते. स्काउट त्यातल्या एका ओळखीच्या माणसाशी त्याच्या मुलाबद्दल बोलू लागते, माणूस ओशाळतो आणि झुंड परत जाते. वाचकाचा जीव भांड्यात पडतो. पण झुंडीला जे रात्री साधले नाही, ते ज्युरीने दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या छताखाली करून दाखवले. ज्युरीने निकालाला काही तास घेतले, यात अ‍ॅटिकसला बदलाची चाहूल दिसते. दिसू दे! त्या काही तासांचा टॉमच्या प्राणांना काय उपयोग झाला?

आता मूळ मुद्दा. ही कादंबरी मुलांच्या मोठे होण्याची आहे असे सगळे समीक्षक सांगतात आणि ते खरेच आहे. जेम निकाल ऐकून रडतो, त्याचा जगावरचा विश्वास उडतो आणि तो शहाणा होतो. स्काउट दुसऱ्याच्या जागी उभे राहून जग पाहायला शिकते. पण टॉमलाही तीन मुले आहेत. टॉम मेल्याची बातमी सांगायला अ‍ॅटिकस त्याच्या झोपडीवर जातो तेव्हा ती आपल्याला ओझरती दिसतात. एक चिमुकली पायरीवर उभी असते, अ‍ॅटिकस तिला बोट देऊन खाली उतरवतो. टॉमची बायको हेलन बातमी कानी पडण्याआधीच जमिनीवर कोसळते. बस, एवढेच. ती चिमुकली त्या दिवशी काय शिकली? बापाच्या अंगात सतरा गोळ्या घेऊन ती कशी मोठी झाली? कादंबरीला ते सांगायचे नाही. टॉमच्या मरणावर फिंचांची मुले मोठी होतात आणि टॉमची मुले पानाबाहेर जातात.

काळ्यांच्या चर्चमध्ये लूला नावाची एक बाई गोऱ्या मुलांना पाहून हरकत घेते, की आमच्या प्रार्थनास्थळात यांना कशाला आणले? संपूर्ण पुस्तकात काळ्या माणसाचा उघड निषेधाचा सूर काय तो हा एकच. पण बाकीचे तिला भांडकुदळ ठरवून बाजूला सारतात. उरतात ते अ‍ॅटिकस जाताना गॅलरीत आदराने उभे राहणारे काळे. कादंबरीचे नावही हेच सांगते. मॉकिंगबर्ड हा कोणाचे नुकसान न करणारा, नुसता गाणारा पक्षी, म्हणून त्याला मारणे पाप. म्हणजे टॉमला मारू नये, कारण तो निरुपद्रवी आहे! आणि तो उपद्रवी असता, ताठ मानेने बोलला असता, तर? न्याय हा गरीब स्वभावाबद्दल मिळणारे बक्षीस नव्हे. तो माणूस म्हणून असलेला हक्क आहे.

प्रत्यक्षातला अलाबामा असा गप्प नव्हता. १९३१ साली स्कॉट्सबरो येथे नऊ काळ्या मुलांवर आगगाडीत दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप आला आणि काही आठवड्यांतच आठ जणांना देहदंड सुनावला गेला. पण त्यांच्या आया जमिनीवर कोसळून राहिल्या नाहीत. त्यांतल्या दोघांची आई एडा राइट १९३२ साली युरोपभर सभा घेत फिरली. १९४४ साली अ‍ॅबव्हिल येथे चर्चमधून घरी परतणाऱ्या रीसी टेलर या काळ्या विवाहितेला गोऱ्या तरुणांनी पळवून तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. आरोपपत्र ठेवायलाही ग्रँड ज्युरीने दोनदा नकार दिला. या प्रकरणाची चौकशी करायला गेलेली कार्यकर्ती होती रोझा पार्क्स, जिने पुढे १९५५ साली माँटगोमरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार दिला. त्या नकारातून ३८१ दिवसांचा बसबहिष्कार उभा राहिला. हार्पर ली ही कादंबरी लिहीत होती, तो काळ नेमका हाच. ज्या अलाबामा विद्यापीठात ती शिकली होती, तिथून १९५६ साली ऑथरिन ल्यूसी या काळ्या विद्यार्थिनीला गोऱ्या जमावाच्या दंग्यानंतर बाहेर काढण्यात आले. यातले काही तिच्या मेकम्बमध्ये दिसत नाही. मेकम्बमधले काळे वाट पाहतात. खरे काळे चालत होते, लढत होते.

आणि ती ज्युरी? बारा गोरे पुरुष हा योगायोग नव्हता. स्कॉट्सबरोचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा ज्युरीच्या यादीत काळ्यांची नावे मागाहून घुसडलेली असल्याचे उघड झाले. न्यायमूर्तींनी ते पान भिंगाखाली तपासले. १९३५ साली न्यायालयाने ठरवले की वंशाच्या कारणाने काळ्यांना ज्युरीतून वगळणे घटनाबाह्य आहे. अलाबामात स्त्रियांना तर १९६६ पर्यंत ज्युरीत बसता येत नव्हते. म्हणजे स्काउट मोठी झाली असती तरी तिलाही त्या बाकावर जागा नव्हती. अ‍ॅटिकसचे भाषण कितीही उत्तम असो, ते ऐकणाऱ्या बाकावर कोण बसले आहे यावर निकाल ठरतो. बाबासाहेबांनी आयुष्यभर प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला तो याचसाठी. कनवाळू वकील मिळणे हे नशीब आहे, निर्णयाच्या जागी आपला माणूस असणे हा हक्क आहे.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. हार्पर लीचे स्वतःचे गाव मन्रोव्हिल. तिथले जुने न्यायालय आज संग्रहालय आहे आणि गावातले लोकच तिथे या कादंबरीचे नाटक करतात. त्याच गावात १९८७ साली वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला एका गोऱ्या तरुणीच्या खुनाबद्दल अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच त्याला मृत्युदंडाच्या कैद्यांच्या कोठडीत ठेवले गेले. खुनाच्या वेळी तो आपल्या घरी होता असे सांगणारे अनेक साक्षीदार होते, पण ते काळे होते. ज्युरीत काळा माणूस एकच होता. ज्युरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने ती डावलून देहदंड दिला. मुख्य साक्षीदाराची साक्ष खोटी होती हे पुढे सिद्ध झाले आणि १९९३ साली तो सुटला. त्याला सोडवणारा वकील ब्रायन स्टीव्हन्सन हा स्वतः काळा. ज्युरीचे मत डावलण्याचा न्यायाधीशांचा अधिकार अलाबामाने २०१७ साली रद्द केला. गावात नाटकातल्या टॉमसाठी हळहळ आणि खऱ्या टॉमसाठी मृत्युकोठडी! सहानुभूती आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

कादंबरीचा शेवटही पुन्हा वाचावा. बॉब युएल फिंचांच्या मुलांवर सुरीने हल्ला करतो आणि शेजारचा एकलकोंडा गोरा बू रॅडली त्याला ठार करून मुलांना वाचवतो. शेरीफ म्हणतो, बॉब आपल्याच सुरीवर पडून मेला. खटला नाही, ज्युरी नाही. अ‍ॅटिकसही अखेर मान्य करतो. बू निरपराध आहे, त्याला लोकांपुढे ओढू नये, हे खरेच. पण टॉमसाठी जो कायदा लोखंडासारखा कडक होता, तो बूसाठी मेणासारखा वाकला. वाचक सुखावतो आणि हा फरक त्याच्या ध्यानातही येत नाही.

२०१५ साली लीचे आधी लिहिलेले हस्तलिखित 'गो सेट अ वॉचमन' प्रसिद्ध झाले. त्यातला म्हातारा अ‍ॅटिकस काळ्या-गोऱ्यांची मुले एका शाळेत बसण्याला विरोध करणाऱ्यांच्या बैठकीत बसलेला दिसतो. जगभरच्या वाचकांना धक्का बसला. आपल्याला बसायचे कारण नव्हते. अस्पृश्यांची सेवा करावी पण सत्तेत वाटा देऊ नये, असे म्हणणारे सज्जन आपण १९३२ पासून ओळखतो.

अमेरिकेतल्या काळ्यांशी आपले नाते उसने नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती सारखी आहे असे सांगून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. लक्षात घ्या, बाबासाहेबांनी अमेरिकेकडून दयेच्या कथा मागवल्या नाहीत, हक्काचा अर्ज मागवला. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली तेव्हा तिनेही नाव घेतले ते लढणाऱ्या ब्लॅक पँथरचे.

आपल्याकडे ज्युरी नाही. पण फिर्याद लिहून घेणारा, पंच, सरकारी वकील, न्यायाधीश हे सगळे कुठल्या तरी गल्लीतूनच येतात. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण त्या क्रौर्यात जात दिसली नाही, ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षाही जन्मठेपेवर आणल्या. भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले. टॉमचा खटला फार दूरचा नाही.

मग या कादंबरीचे काय करायचे? बंदी हे उत्तर नव्हे. शाळांत 'फूट पाडणाऱ्या संकल्पना' शिकवण्यावर निर्बंध घालणारा कायदा खुद्द अलाबामाने २०२४ साली केला. ज्यांना इतिहासच नको आहे त्यांना पुस्तक काढून टाकण्याची सवय लागली तर उद्या रीसी टेलर आणि रोझा पार्क्सही अभ्यासक्रमाबाहेर जातील. आपल्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलामुलींनी ही कादंबरी जरूर वाचावी. मात्र वाचताना जेमच्या शेजारी न बसता गॅलरीतल्या काळ्या माणसांच्या जागी बसावे. शेजारी स्टीव्हन्सनचे 'जस्ट मर्सी' ठेवावे आणि बाबासाहेबांचे ग्रंथ ठेवावेत. अ‍ॅटिकस किती चांगला होता हा प्रश्न परीक्षेत येईल, त्याचे उत्तरही लिहावे. पण टॉमच्या त्या पायरीवरच्या चिमुकलीचे पुढे काय झाले, हा प्रश्न वर्गात उभे राहून विचारावा. ते उत्तर कोणी दुसरा लिहून देणार नाही. ते तिच्याच लेकरांनी लिहायचे असते, आणि आपल्या लेकरांनी आपले.