नदी काठावरून कळत नाही

गेल्या आश्विनात आम्ही पाच मित्र कयाधू नदीत होड्या घेऊन उतरलो. पाचांपैकी तिघे अध्यापक, एक बँकेतला कारकून आणि एक पुण्यात नोकरी करणारा. हवा भरून फुगवायच्या तीन होड्या या पुणेकर मित्राने मोटारीच्या टपावर बांधून आणल्या होत्या. फार मोठे अंतर कापले असे नव्हे. सकाळी सातला पाण्यात शिरलो आणि उन्हे तापण्यापूर्वी काठाला लागलो. पुलाखालून जाताना वरची माणसे थांबून पाहू लागली. एकाने विचारले, “मोजणी चालूय का, साहेब?” दुसऱ्याने वाळूच्या लिलावाचा तर्क लढवला. पुढे काठावर जाळ्याचा गुंता सोडवीत बसलेल्या एका वृद्ध भोईबाबांनी आमच्याकडे बराच वेळ न्याहाळून पाहिले आणि म्हटले, “हौशीला आलेल्याच्या अंगात जाकीट, आन् आमी रोज पाण्यात, आमाला नाई कुणी दिलं.”

त्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तरीही अर्थशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला ते वाक्य पुढे अनेक दिवस पुरले. पुलावरच्या माणसांना नदीत कोणी विनाकारण उतरतो हेच पटत नव्हते. भोईबाबांना ते पटले होते. पण हौस आणि गरज यांच्या तराजूत सुरक्षिततेचे माप कोणत्या पारड्यात पडते, हे त्यांनी एका वाक्यात दाखवून दिले होते. प्रस्तुत लेखाचा विषय हा तराजू आहे.

पाण्यातून दिसलेली नदी

कळमनुरी तालुका पाण्याच्या बाबतीत अगदीच दरिद्री नव्हे. उत्तर सीमेवर पैनगंगा आणि तिच्यावरील इसापूरचा विस्तीर्ण जलाशय. तालुक्याच्या पोटातून वाहणारी कयाधू. या दोन नद्यांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते टक्केवारीच्या भाषेत. धरण किती भरले, कालव्याला किती आवर्तने मिळणार, वाळूचा लिलाव किती लाखांना गेला. हे हिशेब आवश्यकच आहेत. परंतु नदी म्हणजे केवळ साठा आणि वाटप नव्हे, हे आमच्या पिढीला आता सांगावे लागते, कारण आपण नदी पाहतो ती धावत्या एसटीच्या खिडकीतून, पुलाच्या कठड्याआडून.

पाण्यातून दिसलेली कयाधू वेगळी होती. लव्हाळ्यात स्तब्ध उभे असलेले बगळे होते, पाण्यावर सूर मारणारा खंड्या होता. तसेच काठावरून न दिसणारे ओघळही होते: वस्तीचे सांडपाणी नेमके कोठे मिसळते, प्लॅस्टिकच्या पिशव्या कोणत्या बाभळीला अडकून कुजतात, वाळू उपसल्यामुळे तळाशी कोठे अचानक खोल डोह झाले आहेत. अशाच एका डोहाजवळ वल्ह्याने थांग लागेना, तेव्हा उन्हाळ्यात येथेच गुडघाभर पाण्यात मुले डुंबतात, या आठवणीने अंगावर काटा आला. नदीवर उतरणारा माणूस नदीचा पहारेकरी होतो, तो कोणी नेमला म्हणून नव्हे, तर त्याला दिसते म्हणून.

आम्ही वापरली ती होडी कयाक या जातीची. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकाऱ्यांनी वाहून आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती मूळची घडवली. तिच्यात बसून दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे मारायचे. कनू ही तिची बहीण. तिचे वल्हे एका पात्याचे. साहेबांचा खेळ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही; दोन्ही होड्या गरजेतून जन्मल्या आणि मागाहून खेळ झाल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून त्यांच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये आहेत. आपल्याकडेही एका खोडाचा डोंगा होता, भोपळे बांधून केलेली सांगड होती, पुराच्या वेळी गुळाच्या काहिलीत बसून पैलतीर गाठणारी माणसे होती. फरक इतकाच की, त्यांच्या गरजेच्या होडीची सुधारणा होत गेली, आणि आपल्या गरजेची होडी होती त्याहून मागे गेली.

थर्माकोलचा तराफा

हे विधान कोणास कठोर वाटेल. म्हणून उदाहरण देतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर तालुक्यात भिव धानोरा नावाचे गाव आहे. जायकवाडीच्या फुगवट्याने वेढलेल्या वस्तीतील मुले थर्माकोलच्या पत्र्यांवर बसून शाळेला जातात, हे वृत्त प्रसिद्ध झाले आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वस्तूंची आवरणे भरण्यासाठी बनवलेला पदार्थ मराठवाड्यातील विद्यार्थ्याची नौका ठरावा, यापेक्षा आपल्या विकासाच्या ताळेबंदावर अधिक बोलके भाष्य कोणते असू शकेल?

आणि हा प्रश्न केवळ एका गावाचा नव्हे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत होडी उलटून ११ जण बुडाले. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात सापडून सहा जणांचे प्राण गेले. प्रत्येक वेळी चौकशीची घोषणा, मदतीचा धनादेश आणि पुढील दुर्घटनेपर्यंत शांतता, हा क्रम आता वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. अंगात घालायचे एक तरंगते जाकीट एखाद्या साध्या भ्रमणध्वनीहून महाग नसते. म्हणजे अडचण पैशाची नाही; कोणाचा जीव हिशेबात धरायचा याची आहे.

दुष्काळी जिल्ह्यात ही चैन कशाला?

असा आक्षेप आमच्या सहकाऱ्यांनीच घेतला आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. जेथे वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे नौकाविहाराच्या गोष्टी करणे शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. यातील सत्यांश मान्य करूनही दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील. पहिली अशी की, होडी पाणी पीत नाही. सिंचनासाठी अडवलेले पाणी कालव्यात जाण्यापूर्वी जलाशयात असतेच. त्यावर वल्हे मारल्याने शेतकऱ्याच्या वाट्याचा एक थेंबही उणा होत नाही. एकाच साधनाचा, दुसऱ्याचे काही न हिरावता, दुहेरी उपयोग होणे यालाच आम्ही वर्गात कार्यक्षमता म्हणतो.

दुसरी गोष्ट कोलाडची आहे. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीवर तराफ्यांतून आणि कयाकमधून उसळत्या पाण्याची सफर करण्यासाठी मुंबई-पुण्याची तरुण मंडळी गर्दी करतात. तो प्रवाह बव्हंशी धरणाच्या पाण्याचा. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात वीज निर्माण करून खाली उतरते आणि ते सोडले जाते तेव्हाच तराफे निघतात. वीज झाली, प्रवाहही झाला आणि त्या परिसरातील तरुणांना रोजगारही मिळाला. मात्र या हिशेबाची जुनी पाने उलटली पाहिजेत. याच मुळशीसाठी मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. ज्यांची शेते पाण्याखाली गेली आणि जे त्या पाण्यावर सहलीला येतात, ती माणसे निराळी आहेत. इसापूरच्या पाण्याखालीही गावे गेली आहेत. उद्या तेथे नौकाविहार सुरू झाला आणि त्याचा ठेका दूरच्या भांडवलदाराने घेतला, तर भोईबाबांच्या नातवाच्या वाट्याला वाहने उभी करण्याची शिटी तेवढी येईल. या भीतीनेच आज बोलणे आवश्यक आहे.

काय करता येईल

मागणी मोठी नाही. साहसी पर्यटनासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये धोरण जाहीर केले. त्यात व्यावसायिकांची नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम आहेत. त्याच वर्षी संसदेने अंतर्गत जलवाहतुकीच्या नौकांसाठी नवा कायदा केला आणि यंत्राविना चालणाऱ्या होड्यांची जबाबदारी स्थानिक संस्थांच्या पातळीपर्यंत नेण्याचा मार्ग त्यात ठेवला. म्हणजे कागद तयार आहे; हवा आहे तो क्रम. पहिला हक्क रोज पाणी ओलांडणाऱ्याचा: मासेमार, शेतमजूर आणि शाळकरी मुले यांना जाकिटे आणि बऱ्यापैकी होड्या. दुसरा हक्क मासेमारांच्या सहकारी संस्थांचा: जलाशयावर हौशी नौकाविहार सुरू करायचाच तर तो त्यांच्याकडे, त्यांच्या तरुणांना रीतसर प्रशिक्षण देऊन. इसापूरच्या पाण्यावर पक्ष्यांचाही अधिकार आहे. तेव्हा यंत्राची घरघर नसलेली वल्ह्याची होडीच तेथे योग्य. हौशी मंडळींचा क्रमांक यानंतर, आणि त्यांनी भाडे द्यावे.

महाविद्यालयांनाही यात काम आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आता ते विद्यापीठ झाले आहे, १९२८ पासून नौका मंडळ आहे आणि विद्यार्थ्यांनीच आयोजित केलेला त्यांचा रेगाटा संगमाजवळ मुळा नदीवर पुणेकर पाहत आले आहेत. त्या नदीची दुर्दशा आणि जलपर्णीचा विळखा सर्वांना ठाऊक आहे. पण ती दुर्दशा दरवर्षी वल्ह्याला अडते म्हणून निदान ठाऊक तरी आहे. आमच्याकडे पोहणे हा विषय शाळेच्या वेळापत्रकात नाही, आणि नदी निबंधापुरती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात कयाधूचा दोन मैलांचा टप्पा विद्यार्थ्यांनी होडीतून पाहावा आणि नोंदवावा, एवढी सुरुवातही पुरेशी होईल.

हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी एक हजार मीटरच्या दुहेरी कनू शर्यतीत भारताला कांस्यपदक मिळवून दिले. यांपैकी सुनील हा मणिपूरच्या लोकटाक सरोवराकाठच्या मासेमाराचा मुलगा. घरची होडी ही त्याची पहिली शाळा होती. इसापूरच्या काठी अशा शाळा आहेत. त्यांना फळा आणि खडू मिळायचा आहे, एवढेच.

परत निघताना आम्ही आमच्या पाच जाकिटांपैकी दोन भोईबाबांना देऊ केली. त्यांनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि नातवाच्या अंगावर चढवले. दुसरे त्यांनी परत केले. “घरात पाण्यात जाणारे चौघं हाएत,” ते म्हणाले. “एकाला देऊन भांडण कशाला लावता?” आमच्या दानशूरपणाचा मोठेपणा तेथेच गळून पडला. ते दुसरे जाकीट माझ्या घरी खुंटीला टांगलेले आहे. चौघांचा हिशेब पुरा करणे हे काम पाच मित्रांचे नव्हे, शासनाचे आहे. आणि तो मागत राहणे हे आपणा सर्वांचे.