एका खुणेवर निदान नको



नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. हरभरा पिवळा पडलेला दिसला आणि मी बांधावरूनच फवारणी सांगितली. औषधाचे पैसे गेले, पीकही गेले. नंतर रोप उपटून पाहिले, तर मूळच कुजलेले. तेव्हापासून एका खुणेवर निदान करायचे नाही, हे मनाशी ठरवले. आकाशातल्या एका ताऱ्याचीही अशीच गोष्ट आहे.

आश्विनात रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे उंच हंस तारकासमूह दिसतो. त्यात एसएस सिग्नी नावाचा तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बीण लागते. एरवी तो मंद असतो. पण साधारण सात-आठ आठवड्यांनी एकदा, एक-दोन दिवसांत तीस-चाळीस पट उजळतो आणि पुन्हा मंद होतो. अशा ताऱ्याला बटू नवतारा म्हणतात. हा तारा १८९६ साली हार्वर्ड वेधशाळेतील लुईसा वेल्स यांना सापडला.

खरे तर ते दोन तारे आहेत. साडेसहा तासांत ते एकमेकांभोवती फेरी मारतात. एक आकाराने पृथ्वीएवढाच, पण वजनाने जवळजवळ सूर्याइतका. तो जोडीदाराचा वायू ओढून घेतो. हा वायू त्याच्याभोवती तबकडीसारखा साचतो. बांधाआड पाणी चढावे तसा तो चढत जातो. मर्यादा ओलांडली की तापतो आणि बांध फुटल्यासारखा आत कोसळतो.

हे कळले कसे? १९९६ च्या उद्रेकात आधी साधा प्रकाश वाढला. क्ष-किरण सुमारे दिवसभराने वाढले, मग काही तासांत एकदम घटले आणि अतिनील किरण उसळले. म्हणजे लोंढा बाहेरून निघून आत पोहोचायला दिवस लागला. केवळ साध्या उजेडावरून हे उमगले नसते.

पुढे पेच पडला. १९९९ मध्ये हबल दुर्बिणीच्या मापनातून अंतर सुमारे ५२० प्रकाशवर्षे निघाले. इतक्या लांबून एवढा उजेड दिसायचा, तर वायूचा ओघ फार मोठा हवा. मग पाणी साचायचे कुठे? पाट कायम भरून वाहील आणि तारा सतत उजळलेलाच राहील. बांधाचा सिद्धांतच खोटा ठरू लागला. अखेर २०१३ मध्ये रेडिओ दुर्बिणींनी अंतर मोजले, ते सुमारे ३७० प्रकाशवर्षे भरले आणि सिद्धांत तरला. रेडिओ लहरी उद्रेकातच जोरात येतात. तारा उजळल्याची वर्दी दिली ती घरच्या दुर्बिणीतून रोज नोंद ठेवणाऱ्या हौशी लोकांनी.

तेव्हा पीक बिघडले तर पान पाहा, रोप उपटून मूळ पाहा, मातीची ओल पाहा. आणि घरात एक वही ठेवा. पेरणी, पाऊस, पाणी, रोग, सारे तारखेनिशी लिहा. मुलांना हे काम द्या. आज क्षुल्लक वाटणारी नोंद उद्या मोठा पेच सोडवील.