तुळस वाळली, दोष कुणाचा?
कुरुंद्यात बायकांच्या बैठकीत मी नेहमी ऐकते : दारची तुळस जगत नाही. ठपका ठरलेला, विटाळशीची सावली पडली म्हणे! मैत्रिणींनो, मे महिन्यात इथे पारा 40 अंशांपुढे जातो. पत्र्याच्या डब्यातली माती भाजून निघते. डब्याला भोक नसेल तर मुळं कुजतात. मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर झाड बी धरून वाळतं. यात पाळी आली कुठून? हंडे वाहायचे बाईने, तांब्याभर पाणी वाचवून रोप जगवायचं बाईने आणि वाळलं की गुन्हेगारही बाईच! ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे पाण्याचा जाब विचारू या. आणि पाळीतही तुळशीला पाणी घालू या!