आपले घर : गळती विचारण्यापूर्वी

या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांपैकी पुष्कळ पत्रे एकाच वळणाची असतात. “छत गळते, कोणता लेप लावावा?” “भिंतीला ओल येते. कोणता रंग टिकेल?” पत्र लिहिणाऱ्याची अडचण खरी असते, यात शंका नाही. परंतु अशा पत्राला प्रामाणिक उत्तर देणे जवळजवळ अशक्य असते. वैद्याकडे जाऊन, काय दुखते हे न सांगता, “कोणते औषध चांगले?” एवढेच विचारावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून आज उत्तराऐवजी प्रश्नाविषयीच चार शब्द लिहावे असे योजिले आहे. मी या विषयातील जाणकार आहे म्हणून नव्हे. हीच चूक मी स्वतः दोन वर्षे केली म्हणून.

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात आम्ही एका जुन्या घरात भाड्याने राहतो. या घराची गच्ची ‘मद्रास टेरेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची आहे. सागवानी तुळया जवळजवळ बसवून त्यांवर लहान, पातळ विटा चुन्यात उभ्या व तिरप्या रचतात. त्यांवर विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर घालून तो लाकडी थाप्यांनी दिवसेंदिवस ठोकतात. ठोकताना हिरडा व गूळ भिजवलेले पाणी शिंपडतात. सर्वांत वर सपाट फरश्या बसवितात. आपल्याकडील वाड्यांच्या आणि जुन्या चाळींच्या गच्चीवरील कोबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. नीट राखलेली अशी गच्ची पिढ्यान्पिढ्या टिकते आणि उन्हाळ्यात खोल्या थंड ठेवते.

आईच्या खोलीच्या छतावर प्रथम ओलीचा डाग दिसला तो नोव्हेंबरात. मी दुकानात गेलो आणि विचारले, “गच्चीसाठी चांगला लेप कोणता?” दुकानदाराने जो प्रश्न ऐकला त्याचे उत्तर दिले, त्याला दोष देता येणार नाही. पांढरा लेप लागला. पुढच्या नोव्हेंबरात डाग परत आला. मग मी एका कंत्राटदाराला विचारले, “सिमेंटचा थर दिला तर थांबेल का?” तो म्हणाला, थांबेल. थर दिला. गळती थांबली नाही. ती चार हात सरकून खिडकीच्या डोक्यावर आली.

तिसऱ्या वर्षी घरमालकीणबाईंनी एका वृद्ध कोत्तनाराला, म्हणजे गवंड्याला, बोलाविले. मी त्याला डाग दाखवू लागलो. त्याने छताकडे पाहिलेही नाही. “सार, पाऊस थांबल्यावर वर पाणी किती वेळ उभे राहते?” असे त्याने विचारले. मला ते ठाऊक नव्हते. दोन वर्षांत मी पावसानंतर एकदाही गच्चीवर गेलो नव्हतो.

त्याने बादलीभर पाणी ओतले आणि तो उकिडवा बसून पाहत राहिला. पाणी पन्हळीकडे जाण्याऐवजी कठड्याकडे वळले. नव्या सिमेंटच्या थराने मूळचा उतार मोडला होता, आणि पन्हळीचे तोंड निम्मे बुजले होते. जे उघडे होते त्यावरील जाळी कडुनिंबाच्या पानांनी भरली होती. कठडा आणि गच्ची जेथे मिळतात तेथील गोलाईला, जिला आपले गवंडी ‘वाटा’ म्हणतात, बारीक चीर होती. साचलेले पाणी तिच्यातून आत उतरत होते. पहिल्या वर्षी एवढी चीर बुजवून जाळी झाडली असती तर काम झाले असते.

नंतर तो खोलीत आला आणि काठीने एकेक तुळई ठोकू लागला. आईच्या पलंगावरील तुळईचा आवाज निराळा, पोकळ आला. भिंतीत शिरणाऱ्या तिच्या टोकाशी त्याने टोच्या लावला. तो दोन बोटे आत गेला. घट्ट सिमेंटखाली कोंडलेली ओल वर सुकू शकत नव्हती. ती लाकडात मुरली होती. त्या संध्याकाळी आम्ही पलंग बाहेरच्या खोलीत हलविला आणि तुळईला टेकू दिला. आई एवढेच म्हणाली, “अरे, मी मागल्या वर्षीच म्हटले होते, वरून माती पडते म्हणून.” तिचे म्हणणे मी ऐकले होते, पण गवंड्याला वा दुकानदाराला ते सांगावे असे मला सुचले नव्हते.

सिमेंटचा थर काढावा लागला, तुळई बदलावी लागली, आणि चुन्याचे काम नव्याने करावे लागले. खर्च किती वाढला तो सांगत नाही. माणसावर बेतले नाही, हेच पुष्कळ.

आता गच्चीवर पाणी किती पडते याचा हिशेब पाहा. चेन्नईत वर्षाला सरासरी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लिटर पाणी एका पन्हळीवाटे बाहेर पडले पाहिजे. ती निम्मी बुजली असेल तर कोणताही लेप काय करणार?

काही वाचक म्हणतील, मग ती जाळीच काढून टाकावी. तसे करू नये. गच्चीवरील पाणी साठविण्याची वा जमिनीत मुरविण्याची सोय तामिळनाडूत २००३ पासून सर्व इमारतींना सक्तीची झाली आहे. आमच्या पन्हळीचे पाणीही नळाने शोषखड्ड्यात जाते, आणि जाळी नसेल तर तो नळ पाल्याने तुंबेल. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. टँकरसमोर घागरी घेऊन उभे राहिलेल्यांना त्या खड्ड्याची किंमत सांगावी लागत नाही. जाळी असावी, मात्र पावसाळ्यात दर आठवड्याला ती झाडावी.

यास्तव, वाचकहो, गवंड्याला विचारा अथवा या स्तंभाला लिहा; त्यापूर्वी पुढील गोष्टी पाहून टिपून ठेवा.

१. डाग केव्हा वाढतो? पावसातच वाढत असेल तर पाणी बाहेरचे आहे. कोरड्या दिवसांतही वाढत असेल तर नळ, न्हाणीघर किंवा पाण्याची टाकी तपासा.

२. डाग कोठे आहे? छताच्या मध्ये, कठड्याखाली, की भिंतीच्या पायाशी? पायाशी असलेली ओल बहुधा जमिनीतून चढते; तिला गच्चीवरील उपाय लागू पडत नाही. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालावी. आठ दिवसांत तो किती सरकला हे कळते.

३. छत कशाचे आहे? चुन्याचे, सलोह काँक्रीटचे, कौलांचे की पत्र्याचे? एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरू शकते. चुन्याला चुनाच मानवतो.

४. पाऊस थांबल्यानंतर गच्चीवर पाणी कोठे व किती वेळ उभे राहते? उतार दर मीटरला किमान १ सेंटिमीटर असावा.

५. यापूर्वी काय काय केले? फसलेला उपाय सांगण्यास संकोचू नका. मी पहिला लेप लपविला असता तर कोत्तनाराचा अर्धा दिवस वाया गेला असता.

६. घरातील वडीलधाऱ्यांनी काय पाहिले? दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला माती पडलेली दिसते, टपटप ऐकू येते. त्यांना अवश्य विचारा.

छतातून माती वा गिलाव्याचे पोपडे पडत असतील, तुळई वाकली असेल, किंवा काँक्रीट फुगून सळई दिसू लागली असेल, तर मात्र पत्राच्या उत्तराची वाट पाहू नये. खोली रिकामी करून जाणत्या अभियंत्यास बोलवावे.

भाडेकरूंसाठी एक सूचना. तामिळनाडूच्या २०१७ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार, करारात निराळे ठरले नसल्यास, मूळ बांधणीची दुरुस्ती घरमालकाकडे आणि नळाचा वॉशर, विजेचे बटण अशी किरकोळ कामे भाडेकरूकडे येतात. अन्य राज्यांतील वाचकांनी तेथील कायदा व आपला करार पाहावा. गळती दिसताच मालकास लेखी कळवावे. आम्ही तोंडी सांगून गप्प राहिलो. घरमालकीणबाईंना तिचे गांभीर्य दोन वर्षे कळले नाही, आणि त्यात दोष आमचाच होता.

काम केव्हा काढावे, हेही विचारात घ्यावे. चुना सावकाश घट्ट होतो. त्याला पाऊस नको आणि रणरणते ऊनही नको. चेन्नईत जानेवारी-फेब्रुवारी, तर कोकणात व मुंबईत दिवाळीनंतरचे दिवस यास चांगले.

आईचा पलंग आता पुन्हा आपल्या जागी गेला आहे. पाऊस थांबला की ती मला हाक मारते, “वर जाऊन पाहून ये रे.” मी झाडणी घेऊन वर जातो. आपणही येत्या पावसानंतर एकदा गच्चीवर जाऊन यावे, आणि मग आम्हांस पत्र लिहावे. त्या पत्राला नेमके उत्तर देणे आम्हांस शक्य होईल. कदाचित आपल्याला ते गच्चीवरच मिळून जाईल.