समुद्राचा श्वास, विहिरीचे पाणी

सुपा परिसरात विहीर खणायला घेतली की काळा पाषाण लागतो. हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो फार जुना वाटतो. पण पृथ्वीवर पहिले प्राणी आले तेव्हा तो नव्हताच. प्राणी त्याच्या कितीतरी आधी समुद्रात जन्मले. त्यांची कहाणी मात्र इथल्या कांदा उत्पादकाच्या ओळखीच्या दोन गोष्टींभोवती फिरते: खत आणि हवा.

सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला. तरीही पुढे शंभर कोटींहून अधिक वर्षे खोल समुद्रात तो जवळपास नव्हता. मोठे शरीर पोसायला तेवढ्याने भागत नाही. पेशींना बांधून ठेवणारे कोलॅजेन हे प्रथिन पक्के विणायलाही प्राणवायू लागतो आणि 'क' जीवनसत्त्वही. त्या जीवनसत्त्वाअभावी ही वीण उसवते, हिरड्यांतून रक्त येते, तोच स्कर्व्ही.

सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वी दोनदा बर्फाखाली गेली. हिमनद्यांनी खडक दळले आणि त्यातले स्फुरद समुद्रात उतरले. त्यावर शेवाळ फोफावले. मेलेल्या शेवाळाचा काही भाग कुजण्याआधीच गाळात गाडला गेला, म्हणून त्याने सोडलेला प्राणवायू शिल्लक राहिला. शिवाय शेवाळ हे प्राण्यांचे अन्न बनले. अनेक शास्त्रज्ञ अशी मांडणी करतात. सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मोठ्या शरीराच्या जीवांचे ठसे मिळतात. ५४ कोटी वर्षांनंतरच्या खडकांत कवच, पाय आणि डोळेही दिसू लागतात.

यातला हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शेवाळ गाडले गेले तर प्राणवायू उरतो, कुजले तर खर्च होतो. खत तेच, परिणाम उलटा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये हेच दाखवून दिले. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खालच्या पाण्यातला प्राणवायू नैसर्गिकरीत्या घटतो. जमिनीवरून येणाऱ्या नत्रामुळे ही घट वाढत असावी, असे त्यांनी मांडले. सुप्याचे पाणी त्या समुद्राला जात नाही, ते भीमेच्या खोऱ्यात उतरते. पण भीमेवरच्या उजनी जलाशयात हिरवा तवंग आणि जलपर्णी पाहिलेल्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

समुद्र दूर आहे, विहीर दारात आहे. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन जमिनीत झिरपते; उकिरड्याचे आणि शोषखड्ड्याचे पाणीही त्यात भर घालते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात बाळाचे वरचे दूध कालवले, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला विशेष धोका असतो. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, रक्तातले हिमोग्लोबिन बिघडते आणि ते प्राणवायू वाहू शकत नाही. बाळाचे ओठ, नखे निळसर दिसतात. हवा भरपूर असूनही बाळ गुदमरते, जसा अतिखताने जलाशय गुदमरतो.

पाणी उकळले की झाले, हा समज इथे घातक ठरतो. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. सहा महिने फक्त आईचे दूध, हाच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. बाळ निळसर दिसले तर घरगुती उपचारात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

ग्रामपंचायतींनी पाण्याची तपासणी जंतूंवरच थांबवू नये. वस्त्यांवरच्या खासगी विहिरी आणि बोअरचे नायट्रेटही पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून निकाल चावडीवर लावावेत. शेतकऱ्याने माती तपासून मगच गोणी फोडावी; पीक जेवढे खाते तेवढेच द्यावे. ज्या खताने कोट्यवधी वर्षांपूर्वी जीव वाढवला, तेच बेहिशेबी झाले की श्वास रोखते. अति तेथे माती ही म्हण शेतातल्या गोणीलाही लागू आहे.